कालपर्यंत चालणारी जोडणी आज का तुटते: डीबीव्हर, अथेना आणि एस-थ्रीमधला डेटा

डीबीव्हरसारख्या डेस्कटॉप एसक्यूएल क्लायंटमधून ॲमेझॉन अथेना या क्वेरी चालवणाऱ्या क्लाउड सेवेच्या साहाय्याने एस-थ्री या ॲमेझॉनच्या फाइल-साठवणीतला डेटा वाचण्याची सोय एकदा नीट बसली की फार उपयोगी पडते. परंतु ती बसवताना, आणि बसल्यानंतरही थोड्याथोड्या दिवसांनी, ‘जोडणी होत नाही’ ही तक्रार पुन्हा पुन्हा पुढे येते. ही तक्रार मी अनेकदा हाताळली आहे. दर वेळी आढळते ते असे की तक्रारीचे शब्द तेच असतात, पण बिघाडाची जागा निराळी असते. आणि गेल्या वेळी लागू पडलेला उपाय याही वेळी लागू पडेल या आशेने माणूस तासन्‌तास सेटिंग बदलत बसतो. म्हणून उपायांकडे वळण्यापूर्वी आपली क्वेरी नेमक्या कोणत्या वाटेने जाते ते समजून घेणे आवश्यक आहे.

पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल वापरणाऱ्याच्या मनात जोडणीचे जे चित्र असते ते येथे लागू होत नाही. तेथे पलीकडे एक सर्व्हर तुमची वाट पाहत असतो, तुम्ही नाव व पासवर्ड देऊन आत जाता आणि बाहेर पडेपर्यंत ते सत्र चालू राहते. २०१६ साली सुरू झालेली अथेना ही सेवा, जिचे इंजिन आरंभी प्रेस्टोवर व आता ट्रिनोवर आधारलेले आहे, असे कोणतेही सत्र तुमच्यासाठी उघडे ठेवत नाही. तुमची प्रत्येक क्वेरी ही स्वाक्षरी केलेली स्वतंत्र एचटीटीपीएस विनंती असते. ती पोचल्यावर अथेना टेबलाची व्याख्या ग्लू कॅटलॉग या टेबलांच्या सूचीमधून घेते, डेटाच्या फाइली एस-थ्रीच्या बकेटमधून (फाइली ठेवण्याच्या कप्प्यातून) वाचते, निकाल एस-थ्रीतल्याच दुसऱ्या एखाद्या जागी फाइल म्हणून लिहिते आणि त्यानंतर ड्रायव्हर, म्हणजे क्लायंटला अथेनाशी जोडणारा भाग, तो निकाल तुमच्या पडद्यावर आणतो. म्हणजे डीबीव्हरमध्ये ‘जोडणी’ म्हणून जी एक गोष्ट दिसते तिच्यामागे नेटवर्क, ओळख, अथेना व ग्लूची परवानगी, डेटा वाचण्याची परवानगी आणि निकाल लिहिण्या-वाचण्याची परवानगी असे निरनिराळे दरवाजे असतात. जोडणी तपासण्याच्या बटणाने हे सगळे दरवाजे तपासले जात नाहीत, कारण त्या चाचणीत तुमच्या टेबलाची एकही फाइल उघडली जात नाही. चाचणी हिरवी दिसली आणि पहिल्याच क्वेरीला नकार मिळाला, तर त्यात विसंगती काहीच नाही.

आधी क्वेरी पोचली का ते पाहावे

माझ्या मते सर्वांत मोलाची तपासणी ही आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त वगळली जाणारीही हीच आहे. क्लायंटमधून ‘सिलेक्ट १’ एवढीच क्वेरी चालवावी आणि ब्राउझरमधून अथेनाच्या कन्सोलवर जाऊन क्वेरींचा इतिहास उघडावा. हा इतिहास ४५ दिवस राखला जातो. मात्र तो रिजन (ॲमेझॉनच्या सर्व्हरचे भौगोलिक क्षेत्र) व वर्कग्रुप (अथेना वापरणाऱ्यांचा सेटिंग-गट) यांनुसार वेगळा असतो, त्यामुळे क्लायंटमध्ये जो रिजन आणि जो वर्कग्रुप लिहिला आहे तोच कन्सोलवर निवडलेला असल्याची खात्री करून घ्यावी. वर्कग्रुप लिहिलाच नसेल तर ‘प्रायमरी’ नावाचा मूळ वर्कग्रुप पाहावा.

क्वेरी इतिहासात दिसतच नसेल तर ती अथेनापर्यंत पोचलेली नाही, किंवा दारातूनच परत पाठवली गेली आहे. अशा वेळी डेटाच्या बकेटच्या परवानग्यांना हात लावण्यात अर्थ नाही. नेटवर्क, ओळख, अथेनाची परवानगी आणि निकालाची जागा यांच्याकडे पाहावे. क्वेरी इतिहासात आहे पण अयशस्वी म्हणून नोंदली गेली आहे, असे असेल तर तुमचे नेटवर्क, ओळख, ड्रायव्हर हे सगळे ठीक आहे आणि दोष पलीकडच्या बाजूला, म्हणजे एस-थ्री, ग्लू किंवा एन्क्रिप्शनच्या किल्लीपाशी आहे. तिसरी शक्यता अनेकांना ठाऊक नसते: इतिहासात क्वेरी यशस्वी झालेली दिसते आणि क्लायंट मात्र अडकून बसलेला असतो. तेव्हा अडचण केवळ निकाल परत आणण्यात असते. ही विभागणी झाली की अर्ध्याहून अधिक शक्यता दोन मिनिटांत बाजूला पडतात, आणि ज्या सेटिंगचा दोष नाही ती सेटिंग बिघडवून ठेवण्याचा धोकाही टळतो.

तासाभराने बंद पडणारी जोडणी

वारंवार येणाऱ्या तक्रारींमध्ये हिचा क्रमांक पहिला लागेल. सकाळी जोडणी केली, काम सुरू झाले, आणि थोड्या वेळाने प्रत्येक क्वेरीला ‘द सिक्युरिटी टोकन इन्क्लुडेड इन द रिक्वेस्ट इज एक्स्पायर्ड’ असे उत्तर येऊ लागते. याचे कारण असे की बहुतेक संस्था आता कायमस्वरूपी किल्ल्या न देता तात्पुरती क्रेडेन्शियल (ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) देतात, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. एखादा रोल (ठरावीक परवानग्या असलेली भूमिका) धारण करून मिळणाऱ्या क्रेडेन्शियलची मुदत काही वेगळे सांगितले नसेल तर एक तास असते. रोलच्या सेटिंगमध्ये ती बारा तासांपर्यंत वाढवता येते, परंतु एका रोलमधून दुसरा रोल धारण केला असेल तर एक तासाची मर्यादा ओलांडता येत नाही. मुदत वाढवूनही जोडणी तासाभरातच तुटते अशी तक्रार ज्यांची असते, त्यांच्या बाबतीत ही रोलची साखळी जरूर तपासावी.

येथे शब्दांकडे बारकाईने लक्ष द्यावे लागते. टोकन ‘एक्स्पायर्ड’ आहे असे म्हटले असेल तर ते पूर्वी वैध होते आणि आता संपले आहे. टोकन ‘इनव्हॅलिड’ आहे असे म्हटले असेल तर गोष्ट वेगळी आहे. तात्पुरत्या क्रेडेन्शियलमध्ये ॲक्सेस की, सिक्रेट की आणि सेशन टोकन असे तीन भाग असतात. डीबीव्हरमध्ये नाव आणि पासवर्ड अशा दोनच चौकटी समोर दिसल्यामुळे पहिले दोन भाग त्यांत चिकटवले जातात आणि तिसरा राहून जातो. ॲक्सेस कीची पहिली चार अक्षरे पाहिली की प्रकार ओळखता येतो: कायमस्वरूपी की ‘एकेआयए’ने सुरू होते आणि तात्पुरती की ‘एएसआयए’ने. ‘एएसआयए’ असेल तर सेशन टोकन ड्रायव्हरच्या गुणधर्मांत स्वतंत्रपणे द्यावाच लागतो.

तरीही मी सांगेन की टोकन हाताने चिकटवण्याची पद्धत मुळातच सोडून द्यावी. हाताने लिहिलेले मूल्य क्लायंटमध्ये गोठून राहते. मुदत संपली तरी त्याला नवे मूल्य कोठून आणायचे हे ठाऊक नसते, आणि हीच अडचण दररोज पुन्हा उभी राहते. त्याऐवजी ड्रायव्हरला क्रेडेन्शियलची फाइल व प्रोफाइलचे (फाइलीतल्या सेटिंगच्या संचाचे) नाव सांगावे. एकल साइन-इन वापरणाऱ्यांसाठी ‘क्रेडेन्शियल प्रोसेस’ हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या, कॉन्फिग फाइलमध्ये दुसरे एक प्रोफाइल तयार करायचे आणि त्यात क्रेडेन्शियल पुरवणारी कमांड लिहून ठेवायची. एडब्ल्यूएसच्या कमांड लाइन साधनातील ‘कॉन्फिगर एक्स्पोर्ट-क्रेडेन्शियल्स’ ही कमांड, तिला ‘प्रोसेस’ हे स्वरूप सांगितल्यास, मूळ साइन-इन प्रोफाइलमधून नेमके हवे तसे उत्तर देते. त्या उत्तरात मुदत संपण्याची वेळ असणे फार महत्त्वाचे आहे, कारण ती नसेल तर ही क्रेडेन्शियल कायमची आहेत असे समजून ती पुन्हा मागितलीच जात नाहीत. स्वतःची स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांकडून ही वेळ हमखास राहून जाते.

टर्मिनलमध्ये चालते, क्लायंटमध्ये चालत नाही

ही तक्रारही तितकीच परिचित आहे. टर्मिनलमध्ये एस-थ्रीची यादी व्यवस्थित येते, पण त्याच संगणकावरचा डीबीव्हर क्रेडेन्शियल सापडत नाहीत असे सांगतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच ओळखीने जोडला जातो. टर्मिनलमध्ये ठरवलेले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल फक्त त्या टर्मिनलपुरते आणि तेथून सुरू केलेल्या प्रोग्रामपुरते असते. मॅकवर डॉकमधून उघडलेल्या क्लायंटला शेलच्या फाइलीत लिहिलेली व्हेरिएबल मिळत नाहीत. विंडोजवर आधीपासून चालू असलेल्या क्लायंटला नव्याने ठरवलेले व्हेरिएबल बंद करून पुन्हा सुरू केल्याखेरीज दिसत नाही. याच्या उलटही घडते: व्हेरिएबलमध्ये जुनी क्रेडेन्शियल पडून असतात, आणि क्रेडेन्शियल शोधण्याच्या नेहमीच्या क्रमात व्हेरिएबलचा क्रमांक प्रोफाइलच्या फाइलीआधी लागत असल्यामुळे, फाइलीत कितीही दुरुस्ती केली तरी परिणाम होत नाही.

आपण कोण म्हणून ओळखले जात आहोत हे टर्मिनलमध्ये ‘एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी’ या कमांडने कळते. तिला कोणतीही वेगळी परवानगी लागत नाही, त्यामुळे तिचे उत्तर आले नाही तर दोष क्रेडेन्शियलचा किंवा नेटवर्कचाच आहे, परवानगीचा नाही. ही कमांड चालवताना क्लायंटमध्ये लिहिलेलेच प्रोफाइल नाव द्यावे. पुष्कळदा दोन ठिकाणी दोन प्रोफाइल वापरली जात असतात आणि सारा गोंधळ तेवढ्यापुरताच असतो.

संगणकाचे घड्याळ चुकलेले असणे ही शक्यता विरळ आहे, परंतु ती कोणाला सुचत नाही म्हणून येथे नोंदवतो. विनंतीवरच्या स्वाक्षरीत वेळ गुंफलेली असते. बहुतेक सेवांना ती पाच मिनिटांच्या आत पोचावी लागते आणि एस-थ्री पंधरा मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेते. व्हर्च्युअल मशीन बराच काळ थांबवून पुन्हा सुरू केले असेल तर घड्याळ आधी पाहावे.

प्रमाणपत्र आणि बंद पोर्ट

ज्या संस्थांमध्ये बाहेर जाणारी रहदारी प्रॉक्सीवर (मधल्या सर्व्हरवर) उलगडून तपासली जाते, तेथे ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ अशी त्रुटी येते. प्रॉक्सी स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करतो आणि जावाच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या साठ्यात ते नसते. उपाय सर्वांना माहीत असतो: संस्थेचे मूळ प्रमाणपत्र ‘कीटूल’ने त्या साठ्यात घालायचे. मी स्वतः एकदा हे प्रमाणपत्र तीन वेळा घातले आणि तिन्ही वेळा तीच त्रुटी आली. शेवटी लक्षात आले की मी ते संगणकावर बसवलेल्या जावामध्ये घालत होतो, आणि डीबीव्हर मात्र स्वतःबरोबर आलेला निराळा जावा वापरत होता. क्लायंटच्या माहितीच्या खिडकीत किंवा त्याच्या इनी फाइलीत कोणता जावा वापरला जात आहे ते आधी पाहावे आणि त्याच साठ्यात प्रमाणपत्र घालावे. विंडोजवर डीबीव्हरच्या जोडणीविषयक प्राधान्यांमध्ये विंडोजचाच प्रमाणपत्र-साठा वापरण्याचा पर्याय आहे. तो निवडल्यास हे काम बरेच सोपे होते, आणि क्लायंट अद्ययावत केल्यावर प्रमाणपत्र नाहीसे होण्याची अडचणही उरत नाही. प्रमाणपत्राची तपासणीच बंद करण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तो कृपया मानू नये.

इतिहासात यश आणि क्लायंटमध्ये न संपणारी वाट, ही वर सांगितलेली तिसरी स्थिती असेल तर पोर्ट ४४४ तपासावा. सामान्य विनंत्या ४४३ वरून जातात, परंतु निकालाचा ओघ अथेनाचा ड्रायव्हर ४४४ वरून आणतो, आणि संस्थेच्या फायरवॉलमध्ये हा पोर्ट बहुधा कोणी उघडलेला नसतो. तो उघडून घेणे हा उत्तम मार्ग आहे. ते शक्य नसेल तर दुसऱ्या पिढीच्या ड्रायव्हरमध्ये ‘यूज रिझल्टसेट स्ट्रीमिंग’ला शून्य हे मूल्य द्यावे, आणि तिसऱ्या पिढीच्या ड्रायव्हरमध्ये ‘रिझल्ट फेचर’ हा गुणधर्म बदलून निकाल दुसऱ्या पद्धतीने मागवावा. पानापानाने निकाल आणणाऱ्या पद्धतीत एका विनंतीत जास्तीत जास्त १,००० ओळी येतात, त्यामुळे मोठा निकाल सावकाश येईल. पोर्ट उघडा असूनही हेच लक्षण दिसत असेल तर ‘गेट क्वेरी रिझल्ट्स स्ट्रीम’ ही वेगळी परवानगी तुमच्या रोलला आहे का ते पाहावे. या दोन पिढ्यांमध्ये काही गुणधर्मांची नावे व मूल्ये बदललेली आहेत, म्हणून कोठूनही सेटिंग उचलताना ती कोणत्या पिढीची आहे हे आधी पाहणे बरे.

निकालाची जागा

‘अनएबल टू व्हेरिफाय ऑर क्रिएट आउटपुट बकेट’ ही त्रुटी वाचून लोक डेटाच्या बकेटची परवानगी तपासू लागतात, आणि तेथेच चूक होते. ही त्रुटी निकाल जेथे लिहायचा त्या बकेटविषयी आहे. ती जागा लिहिलेलीच नाही, नावात चूक आहे, बकेट वेगळ्या रिजनमध्ये आहे, किंवा तेथे लिहिण्याची परवानगी नाही, यांपैकी काहीतरी एक असते. केवळ डेटा वाचणाऱ्या माणसालाही कोठेतरी लिहिण्याची परवानगी असावी लागते, ही गोष्ट परवानग्या देणाऱ्यांनाही अनेकदा चमत्कारिक वाटते. म्हणून मागणी करताना कारण स्पष्ट लिहावे.

क्लायंटमध्ये योग्य जागा लिहूनही त्रुटीत भलत्याच बकेटचे नाव दिसत असेल तर वर्कग्रुपचे सेटिंग पाहावे. वर्कग्रुपच्या सेटिंगची सक्ती केलेली असेल तर क्लायंटमध्ये लिहिलेली निकालाची जागा दुर्लक्षिली जाते, आणि तसे झाल्याची कोणतीही सूचना क्लायंटमध्ये मिळत नाही. कोणी प्रशासकाने ही सक्ती नव्याने लागू केली की वर्कग्रुपच्या जागी लिहिण्याची परवानगी नसलेल्या सगळ्यांच्या चालू जोडण्या त्या दिवशी एकदम बंद पडतात.

‘ॲक्सेस डिनाइड’

या दोन शब्दांत पाच-सहा निरनिराळी कारणे दडलेली असतात. सर्वांत सामान्य कारण पॉलिसीच्या, म्हणजे परवानग्या लिहिलेल्या दस्तऐवजाच्या, लिखाणात असते. बकेटमधली यादी पाहणे आणि बकेटचे ठिकाण विचारणे या परवानग्या बकेटच्या नावावर द्याव्या लागतात, तर फाइल वाचण्याची आणि लिहिण्याची परवानगी बकेटच्या नावापुढे तिरकी रेघ व तारांकन लिहून द्यावी लागते. दोन्ही परवानग्या एकाच ओळीवर लिहिल्या की त्यांतली एक निष्प्रभ ठरते. यादी पाहण्याची परवानगी नसेल तर आणखी एक फसगत होते: फाइल अस्तित्वातच नसली तरी एस-थ्री ४०४ ऐवजी ४०३ हेच उत्तर देते, आणि आपण नसलेल्या फाइलीसाठी परवानगी मागत बसतो.

पॉलिसी निर्दोष असूनही नकार येत असेल तर एन्क्रिप्शनच्या किल्लीकडे वळावे. फाइली केएमएस या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेच्या किल्लीने बंद केलेल्या असतील तर त्या वाचण्यासाठी ‘डिक्रिप्ट’ची, आणि निकाल तशाच प्रकारे लिहायचा असेल तर ‘जनरेट डेटा की’चीही परवानगी लागते. क्लाउडट्रेल या ॲमेझॉनच्या नोंदवहीमध्ये एस-थ्रीच्या प्रत्येक फाइलवाचनाची नोंद आपोआप होत नाही, परंतु केएमएसने दिलेल्या नकाराची नोंद सहसा सापडते, म्हणून शोध तेथून सुरू करावा. याशिवाय लेक फॉर्मेशन ही डेटावरच्या परवानग्या सांभाळणारी सेवा वापरात असेल तर टेबलावरची परवानगी तेथे स्वतंत्रपणे द्यावी लागते, आणि दुसऱ्या खात्याने जुन्या बकेटमध्ये टाकलेल्या फाइलींची मालकी त्या खात्याकडेच राहिलेली असू शकते. एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटमध्ये मालकी आपोआप बकेटधारकाकडे राहते. त्याआधीच्या बकेटविषयी तसे गृहीत धरू नये.

त्रुटी नाही, पण डेटाही नाही

डावीकडच्या वृक्षात एकही डेटाबेस दिसत नसेल तर आधी रिजन पाहावा. ग्लू कॅटलॉग प्रत्येक रिजनचा वेगळा असतो, त्यामुळे चुकीच्या रिजनमध्येही जोडणी यशस्वी होते आणि रिकामा कॅटलॉग दिसतो. टेबल दिसते पण शून्य ओळी येतात, तेव्हा बहुधा नव्या पार्टिशनची (टेबलाच्या डेटाच्या विभागाची) नोंद कॅटलॉगमध्ये झालेली नसते. ‘एमएससीके रिपेअर टेबल’ चालवावे किंवा पार्टिशन हाताने जोडावे. टेबलाची जागा फोल्डरपर्यंत लिहिलेली असावी, एकाच फाइलीपर्यंत नव्हे. फाइलीचे नाव अधोरेखा किंवा टिंबाने सुरू होत असेल तर अथेना ती फाइल लपलेली समजून वगळते, आणि ग्लेशियर या दीर्घकालीन साठवण-वर्गात गेलेल्या फाइलीही सामान्यतः वाचल्या जात नाहीत. डीबीव्हर मूळ सेटिंगनुसार पडद्यावर पहिल्या २०० ओळी आणतो. त्यावरून तेवढाच डेटा वाचला गेला असे मानू नये, कारण आकारणी तपासलेल्या डेटावर होते.

एवढे करूनही अडचण सुटली नाही आणि प्रशासकाकडे जावे लागले, तर ‘जोडणी होत नाही’ एवढेच लिहून पाठवू नये. इतिहासातला क्वेरीचा आयडी, ‘गेट-कॉलर-आयडेंटिटी’ने दिलेली पूर्ण ओळख, रिजन, वर्कग्रुप, ड्रायव्हरची आवृत्ती, घटनेची वेळ टाइमझोनसह आणि त्रुटीचा संपूर्ण मजकूर एवढे सगळे एकाच निरोपात द्यावे. क्वेरी इतिहासात नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. जोडणीच्या सेटिंगचे चित्र पाठवायचे असल्यास त्यात सिक्रेट की आणि सेशन टोकन दिसत नाहीत याची पाठवण्यापूर्वी खात्री करून घ्यावी, आणि चुकून ती दिसली असतील तर ती क्रेडेन्शियल लगेच रद्द करून घ्यावी.